हुश्श म्हणजे कृतज्ञता नव्हे

दिवाळी जवळ आली की मुंबई-पुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. रायगडातल्या आदिवासी वाडीवर फराळवाटप, रविवारी पहाटे निघायचं, वर्गणीत जेवण आणि टी-शर्ट धरलेला. संध्याकाळी फोटो येतात. हातात लाडू धरलेली पोरं, त्यांच्यामध्ये उकिडवे बसलेले आपण, आणि खाली ओळ : आपण किती नशीबवान आहोत ते आज कळलं.

माझं भांडण फराळाशी नाही. त्या ओळीशी आहे.

‘कृतज्ञ’ हा शब्द फोडून बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलं हे जो जाणतो, तो कृतज्ञ. वाडीवरून परतताना मनात येतं ते वेगळंच : बरं झालं, आपला जन्म इथे झाला नाही. याला मराठीत हुश्श म्हणतात. कुणाचं कुडाचं घर बघून आपला वन बीएचके आवडायला लागला, तर त्यात त्या घरातल्या माणसाचे आभार कुठे आले?

आभार मानायचे तर त्यानं काय केलंय ते आधी कळायला हवं. तळा तालुक्याचंच घ्या. मुंबई-गोवा महामार्ग इंदापूरला सोडला की तळगडाच्या पायथ्याशी तळा लागतं, पुढे मांदाडची खाडी. या सगळ्या पट्ट्यात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. केंद्र सरकारनं सर्वांत असुरक्षित ठरवलेल्या ७५ आदिवासी समूहांपैकी महाराष्ट्रातले तीनच : कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. भातकापणी उरकली की गावातली मजुरी आटते. वीटभट्टीवाल्याकडून पैसे आधीच अंगावर घेतलेले असतात. दिवाळी झाली की अनेक बिऱ्हाडं भट्टीवर जातात, पोरांची शाळा मध्येच सुटते. माती मळायची, साच्यात भरायची, विटा थापायच्या. मजुरी हजार विटांच्या हिशेबानं, आणि त्यातूनच उचल वळती होते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा बाकी उरलेलीच असते, मग पुढचा हंगामही त्याच भट्टीवर. कर्जापायी माणसाला असं बांधून ठेवणं म्हणजे वेठबिगारी. ती १९७६च्या कायद्यानं बंद झाली आहे. कागदावर.

त्या विटा जातात कुठे? रायगड-ठाण्यातल्या भट्ट्यांवरून पनवेल, कल्याण, मुंबईकडे. आपण भाड्यानं घेतो त्या खोल्यांच्या, हप्ते भरतो त्या फ्लॅटच्या भिंतींत. म्हणजे ज्याच्या हातावर आपण लाडू ठेवतो, त्याच्या बापानं कदाचित आपली भिंत आधीच थापून दिलेली असते. फोटोत मात्र देणारे आपण.

कुणी म्हणेल, देणाऱ्यानं नाव मिरवलं तर बिघडलं काय? काही नाही. तळा तालुक्यातच, मांदाडजवळ, कुडा लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या शिलालेखांत दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्याच्या घरातला माणूस आहे, भिक्षुणीही आहेत. मी अमक्याचा, माझा धंदा हा, मी हे दिलं. मिरवायचं तर स्वतःचं नाव मिरवलं. घेणारा किती गरीब होता, हे त्यांनी दगडात कोरलं नाही. आपण नेमकं तेच इन्स्टाग्रामवर टाकतो. उद्या चार अनोळखी माणसं तुमच्या सोसायटीत शिरून तुमच्या भाचीला लाडू देत तिचा व्हिडिओ काढू लागली, तर वॉचमन त्यांना गेटबाहेर काढेल की नाही?

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे : काहीच न करण्यापेक्षा हे बरं ना? बरं आहे. पोराला लाडू गोडच लागतो. पण सवड आपल्याला असते तेव्हाच आपण जातो. वाडीवर अडलेलं असतं ते जातीच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, आधारमधल्या चुकलेल्या नावावर, २००६च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यावर. कातकऱ्यांसारख्या समूहांसाठी नोव्हेंबर २०२३मध्ये पीएम-जनमन आली. त्यात घरं आहेत, रस्ते आहेत. पण योजना कागद मागते आणि कागद तहसीलमध्ये मिळतो. तहसील रविवारी बंद असते. दिवाळीतही बंद असते.

आणि आपली पिढी कशात तरबेज आहे? फॉर्म भरण्यात. रात्री बारा वाजता, पोर्टल हँग होत असताना, ओटीपीची वाट बघत आपण परीक्षांचे, शिष्यवृत्त्यांचे, पासपोर्टचे अर्ज भरलेत. हे कौशल्य तीनशे लाडवांपेक्षा महाग आहे. रायगडात सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटना जमीन आणि वनहक्कांवर कित्येक वर्षं काम करताहेत. त्यांना विचारा, कुठे माणूस कमी पडतोय. ते कदाचित फोटो न निघणारं काम सांगतील : अर्जांच्या झेरॉक्स काढा, म्हातारीबरोबर रांगेत उभे राहा.

यंदा लाडू न्यायचे तर जरूर न्या. फोन खिशात ठेवा. कुणी चहा दिला तर प्या, भट्टीवर कधी निघणार ते विचारा, कुठला कागद अडलाय तेही विचारा. आणि मग एखाद्या मंगळवारी ऑफिसात रजा टाकून परत या, तहसील उघडायच्या वेळेला.