सतीच्या शिळेला शेंदूर फासणारांनो !

देशावर गांवोगांवीं वेशीबाहेर, नदीच्या घाटावर किंवा महादेवाच्या देवळाजवळ एक दगड उभा असतो. त्यावर कोपरांत वळून वर उचललेला एक हात, मनगटांत बांगड्या, माथ्यावर चंद्रसूर्य. आमच्या बायाबापड्या त्याला हळदकुंकू वाहतात, आणि शिकलेले लोक 'काय ही शिल्पकला !' म्हणून फोटो काढून नेतात. आमचा सवाल दोघांनाहि एकच आहे. हा हात जिचा, तिला जाळलें कोणीं, हें त्या दगडावर कोठें कोरलें आहे काय ?

चिता नाहीं. बाई उठून पळूं नये म्हणून दाबून धरलेले बांबू नाहींत, किंकाळी ऐकूं येऊं नये म्हणून बडविलेले ढोल नाहींत. स्वर्गाचा भाव सांगणारे भटजी नाहींत, आणि वतनाला वाटेकरीण नको म्हणून मान डोलावणारे भाऊबंदहि नाहींत. राहिल्या त्या बांगड्या ! नवरा मेल्यावर ज्या फोडावयाच्या, त्या जळून मेल्याबद्दल बक्षीस म्हणून शाबूत ठेवल्या.

१७४९ सालीं सातारचे शाहू महाराज वारले. राणी सकवारबाई कारभाऱ्यांच्या राजकारणाला आडवी येत होती. कुळाच्या अब्रूचा धाक घालून तिला सती जाणें भाग पाडलें. आतां एकट्या पेशव्यांकडे बोट दाखवून आमचे लोक मोकळे होऊं पाहतील, पण तें चालणार नाहीं. सतीचा मान आमच्या मोठमोठ्या मराठा घराण्यांनींहि मिरविला. आणि भटशाहीच्या नांवानें ओरडणाऱ्या कित्येकांच्या गांवच्या शिळेवर आजहि शेंदूर ओला आहे!

हें सारें जुनें झालें म्हणाल, तर राजस्थानांत देवराळा येथें १९८७ सालीं अठरा वर्षांची पोर चितेवर गेली आणि तिच्या चुनडीच्या सोहळ्याला हजारों लोक लोटले. त्याच सालच्या कायद्यानें सतीचा गौरव करणें गुन्हा ठरलें. सात वर्षांपर्यंत कैद आहे.

जुलुमाला बळी पडलेल्या स्त्रीचा मान कसा करावा, तें कोरियांत पाहा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानी सैन्यानें ज्या पोरींना छावण्यांत कोंडून त्यांच्यावर बलात्कार केले, त्यांच्यासाठीं किम सो-क्यंग आणि किम उन-संग या शिल्पकार जोडप्यानें ब्राँझची एक पोर घडविली. २०११ सालीं ती सोल शहरांत जपानी वकिलातीसमोर बसविली. केस कापलेले, मुठी आवळलेल्या, अनवाणी टाचा जमिनीला न टेकलेल्या. शेजारीं एक रिकामी खुर्ची. तिला कोणीं देवी केलें नाहीं. तिच्या हालांनीं कोणाच्या कुळाचा उद्धार झाला, असेंहि लिहिलें नाहीं. म्हणूनच ती जपान सरकारला खुपली, आणि तिला तेथून हलवा असा त्यानें तगादा लावला. आमच्या सतीच्या शिळा हलवा, असें जाळणारांच्या वंशजांनीं कधीं म्हटलें काय ? कशाला म्हणतील ! त्यांत त्यांच्याच घराण्याची जाहिरात आहे.

शिळा फोडा असें आम्ही म्हणत नाहीं. तो पुरावा आहे. शेंदूर तेवढा खरवडून काढा, आणि शेजारीं दुसरा दगड पुरून त्यावर मोठ्या अक्षरांत कोरा कीं, या बाईला जाळून मारलें. खर्च गांवच्या जत्रेच्या वर्गणींतून करावा.