कोरियन कंजूष नाहीत, तुमचा पैसा ऑफिसात अडकलाय

"कोरियन जोडपं आलं की टिप नाही," मालदीवच्या रिसॉर्टांत राबणाऱ्या आपल्या पोरांची ही नेहमीची कुरकुर. अहो, त्यांच्या देशात टिपेची पद्धतच नाही! सोलमध्ये बसून हनिमूनचा बेत आखताना त्यांनी पै-पैचा हिशोब घातलेला असतो. पाण्यावरचा व्हिला, सीप्लेन, रिसॉर्टात माणशी रोज 12 डॉलर ग्रीन टॅक्स, 17 टक्के जीएसटी. आणि त्याच बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज. तो त्यांनी भरलाय. मग तुमच्यापर्यंत का येत नाही?

हा पैसा म्हणजे साहेबाची मेहेरबानी नव्हे. 2020 च्या दुरुस्तीनंतर मालदीवच्या रोजगार कायद्यानं किमान 10 टक्के सर्व्हिस चार्ज बंधनकारक केला. मालकाला त्यातला फक्त 1 टक्का ठेवता येतो, बाकी कर्मचाऱ्यांत वाटायचा. त्यात रूमबॉय आला, भांडी घासणाराही आला. एजन्सीच्या नावावर कागद करून "तुम्ही आमचे नाहीच" म्हणायची चलाखी चालते. म्हणून करारात मालक कोण लिहिलाय ते सहीआधी वाचा.

पाहुण्याच्या हाताकडे बघणं सोडा, सॅलरी स्लिप काढा. सर्व्हिस चार्जची वेगळी ओळ नसेल तर एकट्यानं नको, चार-पाच जणांनी मिळून एचआरला लेखी विचारा, आणि अर्जाचा फोटो घरी पाठवून ठेवा.