आभार कारभारात दिसू द्या

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आपल्याकडचा प्रत्येक कारखाना धुऊन निघतो. लेथच्या बेडवरचे जुने तेल चिंध्यांनी पुसले जाते, बरीचे ढीग उचलले जातात, आणि दुसऱ्या दिवशी प्रेसला झेंडूचा हार, व्हर्नियरला आणि मायक्रोमीटरला हळदकुंकू. मालक सहकुटुंब येतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. ज्या यंत्राने वर्षभर घर चालवले त्याच्यापुढे हात जोडण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. पण त्या हाराखालच्या यंत्रापाशी जो माणूस आठ-आठ, बारा-बारा तास उभा असतो, स्पिंडलचा आवाज जरासा बदलला तरी बेअरिंग जायला आले आहे हे ज्याला कळते, त्याचे नाव आपल्यापैकी किती मालकांना ठाऊक असते? ऑपरेटरचे बहुधा असते. हेल्परचे क्वचित. ठेकेदाराकडून आलेल्या माणसाचे जवळजवळ नाहीच.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी बोनसची यादी टेबलावर आलेली असेल, म्हणून हा विषय याच महिन्यात घेतला. उद्योगाला नफ्यापलीकडे काही उद्देश असावा, हे आता परिषदांमधून आणि प्रशिक्षणवर्गांतून सतत सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी तसा उद्देश लिहून, चौकट करून ऑफिसात लावलाही आहे. माझे म्हणणे इतकेच की उद्योगाचा उद्देश त्या चौकटीवरून कळत नाही. ज्यांच्या श्रमावर आपण उभे आहोत त्यांच्याशी आपला व्यवहार कसा आहे, यावरून तो कळतो. पगाराची तारीख, अपघातानंतरचा पहिला तास, जॉबवर्करच्या बिलावरची सही, मंदीतला निर्णय या ठिकाणी कृतज्ञता दिसली तर ती आहे. एरवी ती वार्षिक स्नेहसंमेलनातल्या भाषणापुरती राहते.

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिथे जमशेटजी टाटांपुढे जी अडचण उभी राहिली, ती आजच्या कोणत्याही एमआयडीसीतल्या मालकाच्या ओळखीची आहे. माणसे कामावर येत नसत. त्या काळच्या गिरण्यांत यावर दंड आणि शिवीगाळ हाच उपाय माहीत होता. जमशेटजींनी उलट बाजूने विचार केला. गिरणीत हवा खेळती राहील, दमटपणा नियंत्रणात राहील, आग लागली तर पाणी आपोआप पडेल, अशी व्यवस्था केली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. कामगारांना भरपाई देण्याचा कायदा देशात १९२३ साली आला आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली. कायदा येण्याच्या कितीतरी आधी एका मालकाला हे आपले देणे वाटले होते. एम्प्रेस मिल नफ्यातही चांगली चालली, हेही सांगायला हवे, कारण असल्या गोष्टी परवडत नाहीत हे उत्तर आपल्याकडे नेहमी तयार असते.

टाटांचे उदाहरण दिले की लहान उद्योजक म्हणतात, त्यांचे भांडवल वेगळे होते. मग ऐंशी रुपयांचे उदाहरण घेऊ. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल म्हणजे छगनलाल पारेख ऊर्फ छगनबापा यांच्याकडून उसने घेतलेले ऐंशी रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. त्या सातजणींत जसवंतीबेन पोपट होत्या, ज्यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. कोणाची देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी हात पसरायचा नाही, आणि मालाचा दर्जा एकच ठेवायचा, स्वस्तातला दुसरा माल काढायचा नाही, हे छगनबापांचे सांगणे त्यांनी अगदी सुरुवातीलाच पक्के करून घेतले.

त्या गच्चीवरच्या पापडांतून उभ्या राहिलेल्या लिज्जतच्या सभासद भगिनींची संख्या आज ४५ हजारांवर आहे. तो पसारा बाजूला ठेवून मी वाचकांना त्यांच्या एखाद्या शाखेचा सकाळचा क्रम बघायला सांगेन. पहाटे पीठ मळून होते. बहिणी आपापले डबे घेऊन येतात, आदल्या दिवशी घरी लाटून वाळवलेले पापड तपासून, वजन करून जमा करतात, लाटणावळ हातात घेतात आणि नवे पीठ घेऊन घरी जातात. मजुरी अडकून राहत नाही. कारभार बहिणींनीच निवडलेल्या २१ जणींच्या समितीकडे असतो. नफा असो वा तोटा, वाटा सगळ्यांचा, आणि सगळ्या एकमेकींना बहीण म्हणूनच हाक मारतात. उशिरा दाखल झालेली आणि पहिल्यापासून असलेली, दोघी सारख्याच मालकीण. इथे कोणी कोणाचे आभार मानायला व्यासपीठावर चढत नाही. जी पापड लाटते तिच्यामुळे संस्था आहे, ही जाणीव हिशेबाच्या रीतीतच बसवलेली आहे. मला लिज्जतचे मोठेपण इथे वाटते, विक्रीच्या आकड्यात तितके नाही.

आपल्याला सगळ्यांना सहकारी संस्था काढता येणार नाही. तशी गरजही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मालकच होते. औंधच्या राजांनी कुंडल स्टेशनजवळ दिलेल्या ३२ एकर निवडुंगाच्या माळावर आणि दहा हजारांच्या कर्जावर १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. कारखान्याबरोबर गाव वसवायचे होते, म्हणून माणसे निवडताना त्यांनी प्रमाणपत्रांपेक्षा माणूस पाहिला. शाळा अर्ध्यावर सोडलेला मुलगा तिथे कल्पक यंत्रज्ञ झाला. कारकून म्हणून आलेल्याने पुढे हिशेबापासून व्यवस्थापनापर्यंत सगळे सांभाळले. गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले, आणि वाडीने त्यांच्या भरवशावर निर्धास्त झोप घेतली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही त्यांचा नियम होता, आणि तो त्या काळात. ज्याच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही त्याच्या हाती किल्ली देणे, याहून मोठी नेतृत्वाची परीक्षा मला माहीत नाही. आपल्याकडे आजही पोलीस पडताळणीत एखादी जुनी नोंद निघाली की चांगला वेल्डर गेटवरूनच परत जातो.

माणसे जोडण्याची आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्या क्षेत्रात फारच दुर्लक्षित राहिली आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना फोन करून शिष्यवृत्तीसाठी देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांवर ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. काही कर्मचाऱ्यांची अशा एका विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घडवली, ज्याचे शिक्षण याच देणग्यांवर चालले होते. महिनाभराने पाहिले तर त्या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. पगार वाढवला नव्हता, देखरेखही वाढवली नव्हती. आपले काम कोणाच्या उपयोगी पडते हे त्यांना समोर दिसले होते.

आता आपला जॉबशॉप डोळ्यांसमोर आणा. एखादा मुलगा दिवसभर बुश टर्न करतो. ड्रॉइंगवर पार्ट नंबर असतो, टॉलरन्स असतो. तो बुश शेतावरच्या पंपात जातो, रुग्णालयातल्या खाटेत जातो की ट्रकच्या सस्पेन्शनमध्ये, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. रिजेक्शन आले की मात्र ग्राहकाचे नाव त्याच्या कानावर पडते, तेही साहेबाच्या चढ्या आवाजात. ग्राहकाकडे डिस्पॅचच्या गाडीबरोबर ऑपरेटरला एकदा पाठवा, असेंब्ली लाइनवर आपला पार्ट बसताना त्याला बघू द्या. एका दिवसाचे उत्पादन बुडेल. त्या बदल्यात तो ज्या काळजीने पुढचा बुश मोजेल, ती कोणत्याही पोस्टरने येणार नाही. ग्राहकाने माल चांगला म्हणून पत्र पाठवले तर ते मालकाच्या फाइलला लावायच्या आधी त्या यंत्रापाशी वाचून दाखवावे. ज्याचे काम त्याला कौतुक, एवढा साधा न्याय आहे हा.

जॉबवर्करांविषयी मला कळकळीने लिहायचे आहे. मोठ्या कंपन्या आपली बिले थकवतात ही आपल्या वाचकांची जुनी तक्रार, आणि ती शंभर टक्के रास्त आहे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक केले, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. आता तर मुदतीत न दिलेली रक्कम प्राप्तिकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. या सगळ्याचे आपण स्वागत केले. पण आपल्याकडून प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला, ग्राइंडिंगला जो माल जातो, त्या छोट्या गाळ्यातल्या माणसाची बिले आपण किती दिवसांनी काढतो? बायको पावत्या लिहिते, मुलगा टेम्पो चालवतो, आणि हा माणूस रात्री अकराला फोन केला तरी उठून आपला अडलेला लॉट काढून देतो. त्याला दिवाळीत मिठाईचा बॉक्स जातो आणि पैसे जातात जानेवारीत. त्या बॉक्सला आभार म्हणवत नाही.

मंदीच्या दिवसांतली गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण बरे दिवस असताना उदार होणे सोपे असते. २००९ साली अमेरिकेतल्या बॅरी-वेमिलर या यंत्रनिर्मिती करणाऱ्या कंपनीच्या ऑर्डरी झपाट्याने आटल्या. माणसे कमी करा, असा दबाव होता. प्रमुख बॉब चॅपमन यांनी एकालाही काढले नाही. त्यांच्यासकट प्रत्येकाने वर्षात चार आठवडे बिनपगारी रजा घ्यायची, आपल्या सोयीने घ्यायची, असे ठरले. ज्यांना झेपत होते त्यांनी अडचणीतल्या सहकाऱ्यांचे आठवडे आपल्या अंगावर घेतले. कंपनी त्यातून सावरली. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या औद्योगिक वसाहतींनीही दोन्ही प्रकार पाहिले. कोणी शॉपमध्येच चूल मांडून परप्रांतीय मुलांना सांभाळले, कोणी फोन उचलणे बंद केले. माणसे हे विसरलेली नाहीत, आणि विसरावे असे आपण म्हणूही नये.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्य आपल्याकडे फार सहज उच्चारले जाते, आणि अनेकदा ते ओव्हरटाइमचा दुप्पट दर टाळण्यासाठी, रविवारी बोलावण्यासाठी किंवा पगारवाढ पुढे ढकलण्यासाठी वापरले जाते. जिव्हाळा हा मजुरीला पर्याय होऊ शकत नाही. पीएफ, ईएसआय, सुरक्षा बूट, प्रेसवरचे सेन्सर, पगाराची पावती आणि कायद्याने ठरलेला किमान ८.३३ टक्के बोनस हे देणे आहे, उपकार नव्हेत. ते चोख दिल्यानंतरच आपल्या आपुलकीला अर्थ येतो. ठेकेदारामार्फत आलेल्या माणसांबाबतही हेच. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कायदा सांगतोच. ज्या प्रेसवर बोट जाण्याचा धोका कायमच्या कामगाराला आहे, तोच ठेक्यावरच्या माणसालाही आहे.

हे सगळे करायला वेळ कुठून आणायचा, असा प्रश्न येईल. वेळ तितका लागत नाही. सकाळी ऑफिसात शिरण्याआधी शॉपमधून एक फेरी, हातात मोबाइल न धरता. रात्रपाळी सुटताना आठवड्यातून एकदा गेटवर हजर राहणे. अपघात झाला तर सुपरवायझरला न पाठवता स्वतः रुग्णालयात जाणे आणि घरी आपणच कळवणे. निवृत्त होणाऱ्याला निरोप देताना त्याने नेमके काय केले ते सांगणे. कोणती डाय त्याने वाचवली, कोणत्या मुलाला त्याने सेटिंग शिकवले, हे बोलता आले पाहिजे, आणि जो शॉपवर फिरत नाही त्याला ते बोलता येणार नाही.

तेव्हा उद्योजक मित्रहो, या महिन्यात तीन कामे करा. बोनसची यादी मंजूर करण्याआधी ठेकेदाराच्या माणसांची यादी मागवा, आणि त्यांच्या हाती खरोखर किती पडते ते त्यांनाच विचारा. जॉबवर्करांची ४५ दिवसांवरची सगळी बिले दिवाळीच्या आधी चुकती करा. आणि तुमच्याकडचा सर्वांत जुना हेल्पर कोण आहे ते शोधून त्याच्याशी अर्धा तास बसून बोला, त्याच्या बोलण्यातून काय हाती लागले ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.