मुलांचं बोलणं पोटात ठेवा

फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी आमच्या कुपवाडमध्ये छापा टाकला आणि शंभर किलोहून जास्त एमडी, म्हणजे मेफेड्रोन, सापडलं. मिठाच्या पाकिटांत दडवलेलं, असं पेपरात आलं. आम्ही बायकांनी चार दिवस मंदिरात तेच चघळलं आणि मुलांकडून सप्तव्यसनं पुन्हा म्हणून घेतली.

ती त्यांना पाठच आहेत हो! पाठशाळेत घडाघडा म्हणतात. पण 'मला कशातच रस वाटत नाही' हे कोणाला सांगायचं?

माझा थोरला दहावीत असताना मला असं बोलला होता. मी त्याच रात्री ते त्याच्या आत्याला फोनवर सांगितलं. काळजीपोटीच. पण त्याला कळलं, आणि वर्षभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांचा एक गुण आपल्याकडे सांगितलाय, अपरिस्रावी. ऐकलेला दोष त्यांच्याकडून बाहेर झिरपत नाही. साधूंनाही असा ऐकणारा लागतो, मग सोळा वर्षांच्या पोराला नको?

मात्र जिवावरचं काही बोलला किंवा नशा करताना दिसला, तर गप्प बसायचं नाही. डॉक्टरकडे न्यायचंच, पण त्याला सांगून. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. व्यसनासाठी 14446.

धाकटी आता नववीत आहे. तिने काही सांगितलं की मी आधी विचारते, "हे पप्पांना सांगू का?" कधी कधी ती नाही म्हणते.