पट सारखा, घड्याळ मात्र वेगळं

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमी इथं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होती, म्हणजे चषक भारतात येणार हे आधीच ठरलं होतं. एकोणीस वर्षांची दिव्या त्या एका स्पर्धेनं ग्रँडमास्टर झाली. त्याआधीच्या वर्षी, २०२४ मध्ये, बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघानं सुवर्णपदक मिळवलं होतं, त्या संघातही ती होती. या बातम्या वाचून आमच्या कोडोलीतही पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. आणि त्याबरोबर एक वाक्य जिकडेतिकडे ऐकू येऊ लागलं: ‘आता बायकांची तक्रार राहिली कुठे? मोबाइल उघडा आणि खेळा. पट सगळ्यांना सारखाच आहे.’

पट सारखा आहे हे मला मान्य आहे. चौसष्ट घरं, सोळा-सोळा सोंगट्या, त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. पण बुद्धिबळ नुसतं पटावर खेळलं जात नाही, ते घड्याळावरही खेळलं जातं. आणि घड्याळाबद्दल मला काही बोलायचं आहे.

मी हौशी खेळाडू आहे. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका निवृत्त गृहस्थांशी मी इंटरनेटवरून दहा डावांची लढत खेळले. प्रत्येकाला पंधरा मिनिटं, शिवाय प्रत्येक खेळीमागे दहा सेकंदांची भर. लढत पाच-पाच अशी बरोबरीत सुटली. मी चार डाव जिंकले, दोन बरोबरीत सुटले, चार गेले. ते डाव मी नंतर शांतपणे तपासले आणि त्या तपासणीत जे दिसलं ते फक्त माझ्यापुरतं नाही, असं वाटल्यानं इथं मांडते आहे.

डाव तपासणं आता फार सोपं झालंय. लिचेससारख्या फुकट संकेतस्थळावर डाव संपला की एक कळ दाबायची. स्टॉकफिश नावाचं बुद्धिबळाचं यंत्र एकेक खेळी तपासतं. कुठे कोण किती प्याद्यांइतकं पुढे होतं हे आकड्यात सांगतं, चुकीच्या खेळीपुढे प्रश्नचिन्ह टाकतं. पूर्वी हे काम करायला शिक्षक लागायचा, त्यासाठी सांगली नाहीतर पुणं गाठावं लागायचं. आज ते कोडोलीच्या स्वयंपाकघरात होतं. ही लहान गोष्ट नाही.

पण त्याच पानावर आणखी एक रकाना असतो. कुठल्या खेळीला किती वेळ गेला, याचा. बहुतेक जण तो बघत नाहीत. मी तो बघितला.

माझ्या प्रतिस्पर्ध्यांचा रकाना अगदी पुस्तकात शोभावा असा होता. सुरुवातीच्या ठरावीक खेळ्या भराभर, मग जिथे पट गुंतागुंतीचा झाला तिथे दोन मिनिटं, तीन मिनिटं. म्हणजे जिथे विचार करायला हवा तिथेच त्यांचा वेळ गेला होता. आता माझा रकाना. तिसऱ्या डावात त्यांच्या वजिरानं माझ्या राजाला शह दिला. शह अडवायला सोंगटी नव्हती आणि राजाला जायला एकच घर मोकळं होतं. म्हणजे खेळी एकच शक्य. तिला विचार लागत नाही, बोट लागतं. त्या खेळीपुढे वेळ लिहिली आहे तीन मिनिटं बावन्न सेकंद! यंत्रानं तिला ‘उत्तम खेळी’ म्हटलंय. ती तीन मिनिटं बावन्न सेकंद कुठे गेली हे यंत्राला दिसत नाही. ती गेली नळावर. ‘वैनी, पाणी आलंय न्हवं!’ अशी शेजारून हाक आली होती आणि आमच्याकडे पाणी आलं की बाईनं उठायचं असतं.

सहाव्या डावाचा शेवट हत्तींचा होता. माझं प्यादं सातव्या ओळीवर पोचलं होतं, राजा त्याच्या पुढच्या घरात होता, त्यांचा राजा माझ्या हत्तीनं बाजूला अडवून धरला होता. हा शेवट शेकडो वर्षांपासून पुस्तकात आहे. हत्ती चौथ्या ओळीवर आणायचा, राजा बाहेर काढायचा आणि शह आले की हत्ती मधे घालायचा. याला पूल बांधणं म्हणतात. सगळं मला पाठ होतं, पूल अर्धा बांधूनही झाला होता. घड्याळात दोन मिनिटं असताना मला आतून बोलावणं आलं. दुधाला विरजण लावलंय का, हा प्रश्न होता. परत आले तेव्हा डाव संपला होता. गेलेल्या चार डावांपैकी तीन असे वेळेवर गेले, त्यातल्या दोन डावांत यंत्राच्या मते मी पुढे होते. चौथा त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं खेळून जिंकला, त्याबद्दल त्यांचं अभिनंदनच.

आमची वेळ ठरली तीही गंमतच. ‘संध्याकाळी सात ठेवू, निवांत वेळ असते’ असं त्यांनी सुचवलं. माणूस सज्जन, त्यात वाईट हेतू काही नव्हता. पण संध्याकाळी सात ही निवांत वेळ कुणाची असते, हा प्रश्न त्यांना आयुष्यात कधी पडलेला नव्हता. सातला माझ्या हातात पीठ असतं. मग साडेनऊ ठरले. पण घरातल्या बाईचे साडेनऊ हेही इतरांना मोकळेच वाटतात, कुणीही यावं आणि त्यातली मिनिटं उचलून न्यावीत.

हे कुणा एका घरचं गाऱ्हाणं म्हणून सोडून देता येणार नाही. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं. असं काम करणाऱ्या पुरुषांचे जातात ८८. फरक २०१ मिनिटांचा. आमच्या लढतीच्या हिशेबानं तेवढ्यात चार डाव होतात आणि वर ते तपासायला वेळ उरतो. रोज!

कुणी म्हणेल, बायकांना करमणुकीला वेळ मिळतोच की, मालिका बघतात, भिशीला जातात. बाईला जी करमणूक मिळते ती कसली असते, हे जरा निरखून बघा. हातात काम असताना जी करता येते तीच. मालिका बघता बघता लसूण सोलता येतो, गाणी ऐकत धुणं होतं, गप्पा मारत शेंगा फोडता येतात. बुद्धिबळ खेळताना लसूण सोलता येत नाही. त्याला अख्खं डोकं लागतं, आणि सलग लागतं. अभ्यासाचं, लिहिण्याचं, वाचनाचंही तसंच आहे. बाईला फुटकळ वेळ मिळतो, सलग वेळ मिळत नाही. व्हर्जिनिया वूल्फनं १९२९ साली लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःची खोली मागितली. खोली असली तरी दारावर थाप पडणार नाही, याची हमी लागतेच.

बायकांची बुद्धीच या खेळाला कमी पडते, असं म्हणणारे अजून आहेत. त्यांच्यासाठी दोन अभ्यास सांगते. इटलीत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बाई आणि पुरुष अशा ४२ सारख्या ताकदीच्या जोड्या इंटरनेटवरून खेळवल्या. समोर कोण आहे हे माहीत नसताना बायका बरोबरीनं खेळल्या. समोर पुरुष आहे असं कळल्यावर त्यांचा खेळ घसरला. आणि समोर तोच पुरुष असताना ‘बाई आहे’ असं खोटं सांगितलं, तेव्हा त्या पुन्हा बरोबरीनं खेळल्या! यावर पुढे वाद झाला. २०१८ मध्ये लाखो डाव तपासून उलटा निष्कर्ष निघाला, २०२० मध्ये तोही खोडून काढला गेला. म्हणून मी त्या एका प्रयोगावर सगळी भिस्त ठेवत नाही. दुसरा अभ्यास २००९ चा, जर्मनीतल्या खेळाडूंचा. वरच्या पायरीवरच्या पुरुष आणि बायकांमध्ये जो फरक दिसतो त्यातला ९६ टक्के केवळ खेळणाऱ्या बायका संख्येनं फार थोड्या असण्यानं पडतो, असं त्यात आढळलं. म्हणजे खरा प्रश्न, बायका खेळायला येऊन बसतात किती, आणि बसलेल्या टिकतात किती, हा आहे.

येऊन बसणं तरी कुठे सोपं होतं? आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि पहिलं अजिंक्यपद मुंबईच्या वासंती खाडिलकरनं मिळवलं. पुढे तिच्या बहिणींनी, जयश्री आणि रोहिणीनं, ते पुन्हा पुन्हा घरात आणलं. रोहिणीनं एकटीनं पाचदा. हीच रोहिणी १९७६ मध्ये, तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेलं आणि तिचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून बाईला वगळता येणार नाही. पटावर बसायचा हक्क एका शाळकरी मुलीनं असा मिळवून दिला. बसल्यावरही सुटका नाहीच. दिव्यानं जानेवारी २०२४ मध्ये, वाइक आन झी इथली स्पर्धा संपल्यावर, उघडपणे लिहिलं की प्रेक्षक आपल्या खेळाऐवजी कपडे, केस आणि उच्चार यांच्यावर बोलतात. पुण्याच्या सौम्या स्वामिनाथननं २०१८ मध्ये इराणमधली स्पर्धा डोक्यावर रुमाल बांधायच्या सक्तीमुळे सोडली. खेळायला आलेल्या बाईनं आधी आपल्या अंगावरच्या कपड्यांचा हिशेब द्यायचा, मग चाल करायची!

या बाबतीत इंटरनेटचा पट खरोखरच उपकारक आहे. तिथे कपडे दिसत नाहीत. माझ्या नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं असल्यानं पहिले दोन डाव ते गृहस्थ मला ‘सर’ म्हणत होते. कळल्यावर ‘ताई, तुम्ही बऱ्यापैकी खेळता हो’ असं म्हणाले. सरांना असं कौतुक कधी मिळालं नव्हतं, त्यांचं खेळणं गृहीतच धरलेलं होतं.

पण यंत्र घरात आलं की समता आपोआप येते, हा भ्रम आम्ही वारणेकाठच्या बायकांनी आधीही पाहिला आहे. १९९८ मध्ये वारणा परिसरातली सुमारे सत्तर गावं संगणकानं जोडण्याची योजना सुरू झाली, देशभर तिचा बोलबाला झाला. उसाचा हिशेब गावात कळू लागला, चांगलंच झालं. पण उसाचं खातं बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर, त्यामुळे संगणकापुढे उभं राहायचं कामही त्याचंच. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्केच निघाल्या. आणि मोबाइल हातात आला तरी त्याच्याबरोबर तास येत नाही.

महिलांसाठी वेगळ्या स्पर्धा, वेगळ्या पदव्या असाव्यात की नसाव्यात यावर जगभर वाद आहे. हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारनं त्या वाटेला न जाता १९९१ मध्ये, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टरपद मिळवलं आणि २००२ मध्ये कास्पारॉव्हला हरवलं. तो वाद मोठ्या खेळाडूंनी जरूर करावा. आम्हा हौशी बायकांना वेगळ्या पदवीपेक्षा वेगळा तास हवा आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. पहिली घरासाठी: आठवड्यातला एक ठरलेला तास असा की त्या वेळी पाणी, दूध, दार आणि फोन हे घरातल्या दुसऱ्या माणसाचं काम. ‘मदत’ म्हणून नव्हे, त्याची पाळी म्हणून. दुसरी गावासाठी: पार पुरुषांचा, तालीम पुरुषांची, वाचनालयाचा बाकही बहुधा त्यांचाच. ग्रामपंचायतीनं वाचनालयात रविवारी दोन तास बायका आणि मुलींसाठी ठेवावेत, दहा पट मांडावेत, आणि त्या वेळी लहान मुलं सांभाळायला बापांनी यावं. दहा पटांना फार पैसे लागत नाहीत. तिसरी आपल्यासाठी, मैत्रिणींनो. डाव तपासताना वहीत तीन रकाने आखा: खेळी, लागलेला वेळ आणि कारण. विचारात गेलेला वेळ वेगळा, उठण्यात गेलेला वेगळा. खेळत नसाल तर शिवणाचं, अभ्यासाचं, वाचनाचं असंच मांडा. महिनाभरानं त्या वह्या घेऊन बचत गटाच्या बैठकीत बसू.

पैशाचा हिशेब लिहायला आपण गटात शिकलो. आता मिनिटांचाही लिहू, आणि ज्यांच्याकडे ती थकली आहेत त्यांच्याकडे मागू.