विमा पाच लाखांचा, तरी हॉस्पिटलचं बिल खिशातून का?

नागपूरच्या धंतोली, रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांत विदर्भाबरोबरच छिंदवाडा, बालाघाटहूनही रुग्ण येतात. विमा असलेल्यांनाही डिस्चार्जच्या दिवशी अनेकदा धक्का बसतो: कॅशलेस मंजूर झालं, तरी काउंटरवर हजारो रुपये भरायचे असतात.

कारण बरेचदा खोलीभाड्याच्या अटीत असतं. अनेक पॉलिसींमध्ये रोजचं भाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे पाच लाखांवर ५,००० रुपये एवढंच मिळतं. समजा, खोली ८,००० ची घेतली. चार दिवसांचा फरक १२,००० रुपये. तेवढेच भरायचे, असं घरचे धरून चालतात. पण डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हा खर्चही कंपनी त्याच प्रमाणात कापते. तो १,२०,००० असेल तर मिळतात ७५,०००. म्हणजे खिशातून एकूण ५७,००० गेले, आणि तेही भाड्याच्या एका ओळीमुळे.

या कपातीला मर्यादा आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. विमा नियामक ‘इर्डाई’च्या २०२० च्या सूचनांनुसार औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं शुल्क यांवर ती लावता येत नाही. शिवाय, खोलीनुसार दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलमध्ये ती मुळीच लागू होत नाही. हातमोजे, नोंदणी शुल्क यांसारख्या विम्यात न बसणाऱ्या गोष्टींचे पैसे मात्र वेगळे जातात.

मग सरकारच दर का ठरवत नाही? कोविडकाळात प्रयत्न झाला होता. २१ मे २०२० च्या आदेशात राज्य सरकारने साध्या वॉर्डसाठी दिवसाला ४,००० आणि व्हेंटिलेटरसह आयसीयूसाठी ९,००० रुपये अशी कमाल मर्यादा घातली. नागपूरच्या हॉस्पिटल संघटनेने त्याला आव्हान दिलं. कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवण्याचा अधिकार राज्याला नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे या रुग्णांसाठी दर हॉस्पिटलच ठरवतं आणि किती द्यायचं ते पॉलिसी.

म्हणूनच भरती होतानाच विचारावं: पॉलिसीत बसणारी खोली कोणती, आणि खोली बदलली तर ऑपरेशनचा दर बदलतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते लेखी घ्यावं. कपात चुकीची वाटली तर आधी कंपनीकडे तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नागपूरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.