दुःखाला शब्द, शब्दांना श्रोता

निवासी शाळेच्या वाटचालीचा आढावा घेताना दहावीच्या निकालाची टक्केवारी, नव्या इमारती आणि उच्च पदांवर पोहोचलेले माजी विद्यार्थी यांचा अभिमानाने उल्लेख होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु वसतिगृहात वावरणाऱ्या शिक्षकाला आणखीही काही दिसत असते. कोणाचे वडील व्यसनापायी गेलेले असतात, कोणाची आई करोनाकाळात हरपलेली असते, तर कोणाच्या घरी रोजचे भांडण असते. दिवाळीची सुट्टी संपवून आलेले एखादे मूल आठवडाभर कोणाशी बोलत नाही, पंगतीत नुसते ताटाकडे पाहत बसते. प्रवेश अर्जात या दुःखासाठी रकाना नसतो.

हीच मुले अलीकडे वहीच्या मागच्या पानांवर रॅप लिहितात आणि बाकावर ठेका धरून म्हणतात. अनेक पालकांना हा धांगडधिंगा वाटतो. ‘शिकायला पाठवले की नाचायला?’ हा त्यांचा प्रश्न काळजीपोटीच असतो. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, वहीच्या या मागच्या पानांना शाळेने मानाचे स्थान द्यावे.

हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला, असे मानले जाते. दारिद्र्य, बेकारी आणि टोळीयुद्धांनी पोखरलेल्या त्या वस्तीतील कृष्णवर्णीय व लॅटिन तरुणांनी वाद्ये व शिक्षक नसतानाही आपली व्यथा तालात बसवली. आपल्याकडे अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी विचार रॅपमधून मांडतो. धारावीतील मुले याच माध्यमातून आपल्या गल्लीचे जगणे सांगतात.

साधन परदेशी असले तरी त्यामागची प्रेरणा आपल्याला परकी नाही. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या डोंगरी पट्ट्यातील आयाबायांनी पहाटे जात्यावर बसून सासुरवास, मूल गमावल्याचे दुःख आणि दारिद्र्य ओव्यांतून बोलून दाखवले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरातून अशा लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. जात्याची घरघर हाच त्या बायांचा ठेका होता आणि समोर खुंटा धरून बसलेली दुसरी बाई ही त्यांची श्रोता होती.

त्याहूनही आपल्या शाळेला जवळचे उदाहरण मुक्ता साळवे यांचे आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, अवघ्या चौदा वर्षांच्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या यातना तिने त्यात मांडल्या. शाळेने या मुलीला अक्षर तर दिलेच, शिवाय तिचे लिहिणे ऐकून घेतले. म्हणूनच एका मुलीचे दुःख इतिहासाचा दस्तऐवज झाले.

लेखनाने मन हलके होते, या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील आघाताविषयी लिहायला सांगितले होते. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढील काही महिन्यांत दवाखान्याची पायरी इतरांपेक्षा कमी वेळा चढावी लागली. मात्र लिहून होताच ते अधिक उदास झाले होते, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणजे मुलाला लिहायला लावून शिक्षकाने निघून जाणे धोक्याचे आहे.

या ठिकाणी चळवळीतील एक वेदनादायी आठवण सांगणे भाग आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. ज्यांनी आयुष्यभर लोकांचे दुःख गायले, त्यांनाही त्या घडीला गाणे तारू शकले नाही. म्हणून ‘गाण्याने सारे बरे होते’ असे भाबडे विधान मी करणार नाही. शब्दाला ऐकणारा माणूस हवा आणि दुःखाचे मूळ अन्यायात असेल तर त्या अन्यायाविरुद्ध उभा राहणारा समाजही हवा. किसा गोतमी मोहरीचे दाणे मागत घरोघर गेली, तेव्हा तिला प्रत्येक दारी मृत्यूची हकिकत ऐकायला मिळाली. आपण एकट्या नाही, हे तिला त्या ऐकण्यातून उमगले.

यास्तव काही सूचना कराव्याशा वाटतात. आठवड्यातून एक तास लेखनासाठी राखून ठेवावा. ओवी, रॅप, पत्र, जे सुचेल ते मुलांनी लिहावे. त्याला गुण नसावेत, लाल शाईच्या खुणाही नसाव्यात. वही मुलाची असेल आणि वाचून दाखवायचे की नाही हे त्यानेच ठरवावे. स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर अनाथ मुलाकडून त्याचेच दुःख गाऊन घेण्याची प्रथा तर कोठेही नसावी. टाळ्यांसाठी मुलाची जखम उघडी करणे ही करुणा नव्हे. वसतिगृहाच्या दर्शनी भिंतीवर ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती आहे. आपल्या दानातून सभागृहे उभी राहतात, त्यांवर नावांच्या पाट्या लागतात. यापुढे त्या दानाचा काही भाग प्रशिक्षित समुपदेशकाच्या वेतनासाठी द्यावा. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलाला मोठ्या शहरापर्यंत जाऊन असा माणूस शोधता येत नाही. तो शाळेतच असला पाहिजे.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण शिरोधार्य मानतो. स्वतःच्या दुःखाला नाव देता येणे आणि दुसऱ्याचे दुःख मान देऊन ऐकता येणे, हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे. निकालाच्या टक्केवारीत तो दिसणार नाही. परंतु आपल्या वसतिगृहातले एक मूल जरी त्यामुळे पुन्हा बोलू लागले, तरी तोही शाळेचा निकालच होय.